सहावी मूठ

मंजुळाबाईचं पत्र रुपचंद नानांना तोंडपाठ होतं. उत्तर तेवढं लिहायचं राहिलं होतं, आणि त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती. निळं आंतरदेशीय पत्र, त्यावर धुळ्याचा शिक्का, आणि चौथी शिकलेल्या बाईचं मोठं, गोल, रेघ सोडून वर चढत जाणारं अक्षर. ‘रुपचंद भाऊंस मंजुळाचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. परवा कानबाईचे गहू काढताना यांनी घरातल्या पाच पुरुषांच्या पाच मुठी काढल्या आणि मग अजून एक काढली. मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, चुकून निघाली. भाऊ, यांचा हात देवाच्या कामात चुकत नाही. दर एकादशीला हे यावलच्या भजनाला जातात आणि मुक्कामाला तुमच्याकडे उतरतात असं सांगतात. तुम्ही देव मानत नाही म्हणून तुम्हाला विचारते. देव मानणारे मला गप्प बस म्हणतील. सहावी मूठ कोणाची? खरं लिहा. तुमची बहीण मंजुळा.’

खानदेशातल्या माणसाला या पत्रातलं काही समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, तिचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. त्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू बाजूला काढतात. नोकरीला बाहेरगावी गेलेल्याची मूठ निघते, पाळण्यातल्या पोराचीही निघते. ते रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा बाहेरची. देवीपुढं ती घराची शिरगणतीच असते. त्या साली मगनचा बाप अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून गहू काढायचं काम पहिल्यांदाच मगनकडे आलं होतं. बाप, मगन, त्याचा धाकटा भाऊ आणि दोन मुलगे. पाच. पाचांवर सहावी मूठ कोणी चुकून काढत नाही, हे मंजुळाबाईला कळत होतं आणि जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात टेबलाशी बसून ते पत्र वाचणाऱ्या रुपचंदलाही कळत होतं. त्याला त्या सहाव्याचं नावसुद्धा माहीत होतं.

मगनला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, वैशाखाचं ऊन मेहरूणच्या गल्लीत पांढरं होऊन पडलेलं असताना, कुरिअरवाला एक जाड पाकीट देऊन गेला. मगनच्या थोरल्या मुलानं, प्रेमराजनं, वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची ठरवली होती. तिची छपाईआधीची पानं होती ती. लताबाईंनी पाकीट फोडलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चौथ्या पानावर त्या थांबल्या.

“अहो, हे तुम्ही लिहिलंत?”

“काय?”

“‘ज्याची देवावर निष्ठा, त्याचीच माणसावर निष्ठा. मगन आबांनी आयुष्यभर देव सोडला नाही, म्हणून घर सोडलं नाही, मंजुळाबाईंची साथ सोडली नाही. एकनिष्ठ संसार कसा असतो ते त्यांच्याकडे पाहून कळावं.’ खाली तुमचं नाव. बालमित्र, निवृत्त ग्रंथपाल, जळगाव. फोटोपण आहे. अगंबाई! बावन्न वर्षांत देवळाची पायरी चढला नाहीत, आणि इथं बघा. सुचलं म्हणायचं एकदाचं.”

“मी नाही लिहिलं.”

“मग तुमचं नाव कसं?”

“प्रेमराजनं लिहिलं असेल.”

“बरंच केलं त्यानं. तुमच्याकडून काय मिळालं असतं? ‘बघतो’ म्हणाला असतात.”

तसंच झालं होतं. प्रेमराजनं तीनदा फोन करून दहा ओळी मागितल्या होत्या आणि तिन्ही वेळा नाना ‘बघतो’ म्हणाले होते. जो बोलत नाही त्याच्या तोंडात लोक आपले शब्द घालतात. यात प्रेमराजचं फार चुकलं असं त्यांना म्हणता येईना. पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं: गुरुवारी छपाई, काही दुरुस्ती असल्यास कळवणे. नानांनी तो कागद हातात घेतला आणि त्यांना आधी दिसली ती मंजुळाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची, खुर्चीत बसलेली, कोणीतरी तिला हे पान वाचून दाखवतंय, आणि खाली नाव येतंय ते ज्याला तिनं विचारलं होतं त्याचंच. म्हणजे उत्तर मिळालं म्हणायचं तिला. छत्तीस वर्षांनी, छापील. नानांनी चपला पायात घातल्या.

“या उन्हात कुठं? डोक्याला रुमाल तरी बांधा,” लताबाई मागून म्हणाल्या. त्यांनी रुमाल बांधला. सांगितलेलं ते नेहमी ऐकत.

मेहरूण तलावाच्या काठी कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे. सकाळी फिरायला येणारी माणसं केव्हाच घरी गेली होती आणि पाणी मागं सरकून काठाचा चिखल तडकला होता. नाना बाकावर बसले आणि मनाशी भांडू लागले. तशी त्यांची आयुष्यातली सगळी भांडणं मनाशीच झालेली. देव नाही असं त्यांनी ठरवलं तेही असंच, कोणाला न सांगता, विशीत, पुस्तकं वाचता वाचता. घरात लताबाईंचे सोमवार चालत, नंदादीप जळे, दारावर तोरण लागे. नानांनी कधी विरोध केला नाही, तेल संपलं तर बाजारातून आणूनही दिलं. फक्त हात जोडले नाहीत. “तुमच्यासारख्याबरोबर माझा संसार निभावला तो माझ्या उपासांवर,” असं लताबाई पाहुण्यांसमोर म्हणत, आणि पुढचं वाक्य ठरलेलं असे: “नाहीतर मगनभाऊ बघा. देवाचं भय आहे माणसाला. मंजुळाताईंचं सोनं झालं.” तेव्हा नाना खाली मान घालून चहा ढवळत आणि आतल्या आत हसत. ते हसू आता, या बाकावर, त्यांना आठवलं आणि त्याची लाज वाटली. कारण मगन हा त्यांचा गुपचूप ठेवलेला पुरावा होता. श्रद्धेनं माणूस एकनिष्ठ होतो असं कोणी कुठं म्हटलं, सभेत, लग्नात, वर्तमानपत्रात, की ते मनातल्या मनात एक खण उघडून मगनचं कार्ड काढत, बघत आणि परत ठेवून देत. वादात कधी वापरलं नाही, तेवढं धैर्य नव्हतं. पण आपण बरोबर आहोत याचं समाधान मात्र छत्तीस वर्षं घेतलं. एका बाईचं दुःख त्यांनी असं विषयवार लावून ठेवलं होतं. ती मात्र उत्तराची वाट बघत असेल, हे त्या कार्डावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

मगन त्यांना यावलला एकदाच घेऊन गेला होता. धुळ्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले दोघे. मगन पाटबंधारे खात्यात लागला आणि रुपचंद जळगावला ग्रंथालयात. मगनचा गळा सुरेख होता. तो अभंग म्हणायला लागला की बायका पदर डोळ्याला लावत आणि रुपचंदसारखा कोरडा माणूसही खिडकीबाहेर बघू लागे. ते रडगाणं नव्हतं, सोंगही नव्हतं. मगनला देव खराच दिसत असावा, याबद्दल नानांना आजही शंका नव्हती. त्या दिवशी यावलच्या स्टँडवर उतरल्यावर भजनाच्या मठाकडे न वळता तो केळीच्या वखारीमागच्या गल्लीत वळला. तिथं तानुबाईची छोटी खानावळ होती. ती वखारीतल्या माणसांना जेवण घालायची. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेलेला. भिंतीवर विठोबाची तसबीर, तिला मगननंच आणलेली तुळशीची माळ. “हाई तानुबाई,” मगन एवढंच म्हणाला, आणि झोळीत झोपलेल्या तीन वर्षांच्या पोराकडे बोट करून म्हणाला, “आन् हाऊ पुना.” पोराचं कपाळ थेट मगनचं होतं. तानुबाईनं गवती चहा घातलेला चहा दिला, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही पुस्तकं सांभाळता म्हणे. मग तुम्हाला माणसाचंही सांभाळून ठेवता येत असेल.” ती हसली नाही. विनवणी होती ती, का धाक होता, हे रुपचंदला कळलं नाही. त्यानं चहा पिऊन टाकला आणि होकारार्थी मान हलवली. हीच ती मान, जी पुढं छत्तीस-सदतीस वर्षं तशीच हलत राहिली.

मंजुळाबाईचं पत्र आलं तेव्हा त्यानं उत्तराचे अकरा मसुदे केले. ग्रंथालयाच्या बाद झालेल्या तालिका-कार्डांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीनं. एकात खरं लिहिलं होतं. एकात ‘मगन माझ्याकडेच उतरतो’ असं लिहिलं होतं. बाकीच्या नऊ कार्डांवर नुसतं ‘सौ. मंजुळा वहिनींस’. ती सगळी फाडून टाकली. त्याच आठवड्यात मगन ग्रंथालयात आला. कपाळाला अष्टगंध, गळ्यात माळ, हातात केळ्यांची फणी. टेबलापलीकडे बसला आणि इकडंतिकडं बघून म्हणाला, “तुले कागद उना ना?”

“आला.”

“मंजुळाना?”

“हो.”

“काय लिखशी?”

रुपचंदनं टेबलावरची कार्डं सरळ केली. मगननं केळं सोललं, अर्धं त्याच्यापुढं धरलं. “काहीच लिखू नको. तुले सोपं शे ते. तू तसंबी कोनले काय लिखस?”

तो टोमणा त्याला आजही त्याच जागी लागला, बरगडीच्या खाली. त्या दिवशी मात्र त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मगनला विचारलं, “मूठ कशाला काढलीस पण? कोणाला कळलंही नसतं.”

मगनचा चेहरा एकदम उतरला. केळं हातातच राहिलं. “पोऱ्या मना शे,” तो म्हणाला. “कानबाई बठ्ठं देखस. तिन्हापुढे मी खोटं कसा बोलू?”

“देवी सगळं बघते. आणि मंजुळा वहिनीपुढं?”

“मंजुळा काय देवी शे का?” मगन म्हणाला. मग आपल्याच बोलण्याला दचकल्यासारखा उठला आणि जाता जाता म्हणाला, “तू देव मानत नही. तुले बठ्ठं सोपं. तुले वर कोनले जाब देना पडत नही.”

नाना बाकावर सरकून बसले. कडुनिंबाची सावली तेवढ्यात हातभर पुढं गेली होती. मगनवर रागवायला गेलं की दर वेळी असं व्हायचं. त्या उतरलेल्या चेहऱ्यापाशी राग अडायचा. तो ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंगी माणसाचा निकाल लावणं सोपं असतं. पण मगनची श्रद्धा इतकी खरी होती की तिनं त्याचा हात धरून गव्हाच्या टोपलीत सहाव्यांदा घातला. त्या श्रद्धेनं त्याला देवीशी प्रामाणिक ठेवलं आणि बायकोपाशी मोकळं सोडलं. देवीपाशी कबुली दिली की सुटलो, असं त्याला वाटत असेल का? आणि जो कुठंच कबुली देत नव्हता त्याचं काय? नाना स्वतःकडं वळले, कारण तिकडं वळल्याशिवाय त्यांचं कुठलंच भांडण संपत नसे. आपण लताशी एकनिष्ठ राहिलो. ही गोष्ट खरी. पण कशामुळं? ग्रंथालयात सुलक्षणा नावाची एक सहायक होती. चार वर्षं समोरच्या टेबलाशी बसली. नवीन आलेल्या पुस्तकाचा वास आधी घेऊन मग ते नोंदवणारी. एकदा पावती देताना तिची बोटं त्यांच्या बोटांवर जरुरीपेक्षा थोडी जास्त राहिली आणि तिनं वर पाहिलं. रुपचंदनं पावती घेतली आणि तारीख तपासली. तारीख बरोबरच होती. बस, एवढंच. पुढं तिची बदली झाली. त्या दिवशी त्यांना कोणी अडवलं? देवानं नक्कीच नाही. लतानं? ती तर आठवलीही नव्हती. अडवलं ते भिडस्तपणानं. जो माणूस पोस्टकार्ड लिहायला घाबरतो तो दुसऱ्या बाईच्या दारात कसा उभा राहणार! मग ही निष्ठा म्हणायची, की नुसतं घरी बसणं? त्यांना कधी ठरवता आलं नव्हतं. आज उन्हात बसून त्यांना प्रथमच वाटलं की हे ठरवत बसणं हीसुद्धा एक पळवाटच आहे. मंजुळाबाईनं त्यांना ‘तुम्ही किती चांगले’ असं विचारलंच नव्हतं. तिनं एका माणसाचं नाव विचारलं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. प्रेमराजचा नंबर शोधायला वेळ लागला. बोटाला घाम होता.

“बोला नाना! पानं मिळाली? फोटो जुना टाकलाय, तुमच्याकडचा नवीन असेल तर—”

“प्रेमराज, माझं नाव काढ.”

“म्हणजे?”

“चौथ्या पानावरचं. ते मी लिहिलेलं नाही.”

“अहो नाना, तीनदा मागितलं तुमच्याकडं. मग मीच चार ओळी टाकल्या. तुमच्या मनातलंच आहे ना?”

“माझ्या मनातलं नाही.”

पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची खडखड. प्रेमराजचं धुळ्यात शेती अवजारांचं दुकान होतं. “बरं, शब्द बदला हवे तर. देव नको असेल तर देव काढू. पण नाव राहू द्या. बाबांचे तुम्ही एकटेच जुने मित्र उरलात. आईलाही बरं वाटेल.”

“तुझ्या आईला बरं वाटणार नाही,” नाना म्हणाले. आपला आवाज चढलाय हे त्यांना काठावरचा बगळा उडाला तेव्हा कळलं. “नाव काढलं नाहीस तर मी त्या दिवशी धुळ्याला येईन आणि सगळ्यांपुढं उभा राहून सांगेन की हे माझं नाही.”

“तुम्ही? नाना, तुमच्या निरोप समारंभाला मी होतो. तुम्ही ‘आभारी आहे’ म्हणून खाली बसला होतात.”

“तेवढंच बोलेन. ‘हे माझं नाही’ म्हणून खाली बसेन.”

प्रेमराज हसला नाही. त्याचा आवाज खाली आला, आणि शहरातली मराठी गळून पडली. “नाना, काय ते मी इचारत नही. माले माहीत नही आन् माहीत करनं बी नही. मना बाप शे तो. लोके त्याना पाया पडतस.”

“तू विचारलं नाहीस. तुझ्या आईनं विचारलं होतं. मला. पत्र लिहून.”

“कधी?”

“अठ्ठ्याऐंशी साली.”

प्रेमराज सावकाश, पुन्हा शहरी भाषेत म्हणाला, “म्हणून का ती... नाना, आई दर वर्षी एक मूठ जास्त काढते. आजोबा गेल्यापासून कानबाईचे गहू तीच काढते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आता आम्ही घरात सात पुरुष आहोत. ती आठ मुठी काढते. बाबा होते तेव्हाही. त्यांच्या समोर. ते दुसरीकडं बघायचे. मी एकदा विचारलं, आई, ही कोणाची? तर म्हणाली, ‘देवीपुढे एकदा मोजला त्याले मांगून काढी टाकता येत नही. नाव नही माहीत तं नही.’ आम्ही समजलो म्हातारपण. मोजताना चुकत असेल. नाना, नाव काढतो तुमचं. पण आईला आता काही सांगू नका. पाया पडतो. चौऱ्याहत्तरची आहे ती.”

“तिच्या पत्राचं उत्तर राहिलंय माझं,” एवढंच म्हणून नानांनी फोन बंद केला. जिला आपण फसलेली समजत होतो, जिची मनातल्या मनात कीव करत होतो, ती दर श्रावणात नवऱ्याच्या डोळ्यांसमोर परक्या पोराची मूठ काढत होती. नाव न घेता. नाव कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

घरी आल्यावर त्यांनी लताबाईंना सगळं सांगितलं. दुपारचा चहा झालेला होता. सांगायला दहा मिनिटं लागली. छत्तीस वर्षं दहा मिनिटांत मावतात याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. त्यांची अपेक्षा होती की लताबाई मगनवर तुटून पडतील, ‘असा निघाला तो!’ म्हणतील, आणि त्या गदारोळात आपण बाजूला राहू. लताबाई बराच वेळ कपाची किनार बोटानं पुसत राहिल्या.

“मी त्यांच्या पाया पडायचे हो,” त्या म्हणाल्या. “दर वेळी. इथंच, या उंबऱ्यापाशी. आणि तुम्ही मागं उभे राहून बघायचात.”

“मला बोलता आलं नाही.”

“तुम्हाला कधी काय बोलता आलंय?” त्यांचा आवाज फाटला. “त्या बिचाऱ्याच्यानं देवीपुढं खोटं बोलवलं नाही. तेवढं तरी त्याच्याकडं होतं. तुमच्या तोंडून खरंही निघालं नाही आणि खोटंही निघालं नाही. मला आपलं वाटायचं, देव मानत नसतील, पण माणूस सरळ आहे.”

“देव मानूनही तो गेलाच ना यावलला?”

“गेला ना! आणि देव न मानणारा एक जण इथं बसून त्याच्यावर पांघरूण घालत होता. मग काय फरक तुमच्यात?”

नानांनी उत्तर शोधलं. आयुष्यभर वाचलेलं सगळं शोधलं. “फरक नाही,” ते म्हणाले. “म्हणून मी वहिनींना लिहिणार आहे.”

“आता?”

“आता.”

“तो मेला. ती सत्तरीच्या पुढं. पोरं म्हणतील, नाना म्हातारचळले. बाप मेल्यावर सूड उगवला म्हणतील. धुळ्याचं दार बंद होईल आपल्याला.”

“होऊ दे.”

लताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हा शब्द त्यांनी या माणसाच्या तोंडून बावन्न वर्षांत ऐकला नव्हता. “आणि कोणी सांगितलंय तुम्हाला? कोणाचं भय आहे? त्याला कानबाई तरी बघत होती. तुम्हाला कोण बघतंय?”

“कोणी नाही,” नाना म्हणाले. “कोणी बघत नाही म्हणूनच लिहायला पाहिजे, लता. कोणी बघत असल्यावर काय, कोणीही लिहील.”

त्या उठल्या, कप उचलले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणाल्या, “लिहा. पण त्यात तुमचं ते देव आहे-नाहीचं पुराण लावू नका. त्या बाईनं माणसाचं नाव विचारलंय. तेवढं सांगा आणि थांबा.” मग आतून भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्या नानांशी पुन्हा बोलल्या नाहीत. नानांनी तेही बरोबर धरलं.

मसुदा त्यांनी केला नाही. मसुदे केले की अकरा होतात. टेबलाशी बसून शाईच्या पेननं सरळ लिहिलं. अक्षर म्हातारं झालं होतं, पण वाचता येत होतं.

‘मंजुळा वहिनींस नमस्कार. तुमचं पत्र अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात मिळालं. उत्तराला उशीर झाला, असं लिहायची लाज वाटते. मगन माझ्याकडे एकदाही मुक्कामाला राहिला नाही. तो यावलला तानुबाईकडे राहायचा. सहावी मूठ पुनाची. तो मगनचा मुलगा. आता चाळिशीला आला असेल, सुरतेला असतो असं कानावर आहे. तानुबाई दहा वर्षांपूर्वी वारली. मगनचं हे सगळं मला तुमचं पत्र येण्याआधीपासून माहीत होतं. मगननं गप्प बसायला सांगितलं होतं, पण त्यानं सांगितलं नसतं तरी मी गप्पच बसलो असतो. मी देव मानत नाही म्हणून खरं सांगेन असा तुमचा अंदाज होता. तो चुकला. मगननं तुमच्याशी केलं तेवढंच मी केलं. स्मरणिकेत माझ्या नावावर तुमच्या संसाराबद्दल काही छापून आलं तर ते माझं नाही. हे पत्र कोणाला दाखवायचं, कोणाला नाही, ते तुम्ही ठरवा. मी कोणापुढेही नाही म्हणणार नाही. रुपचंद.’

पुन्हा वाचलं. ‘क्षमा करा’ लिहायचं राहिलं होतं. त्यांनी पेन उचललं आणि मग टोपण लावलं. क्षमा मागितली तर तिला काहीतरी द्यावं लागेल. तिच्याकडून आणखी काही घ्यायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी ते पोस्टात गेले. तिकिटाच्या खिडकीतली मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची होती. “आजोबा, साधं पत्र? स्पीड पोस्ट करा ना, उद्या धुळ्यात.”

“साध्यानं पोचत नाही का?”

“पोचतं की. दोन-तीन दिवस इकडंतिकडं.”

“मग साधंच दे.”

त्यांनी तिकीट जिभेला न लावता खिडकीवरच्या ओल्या स्पंजला लावलं, चिकटवलं, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले. पाकिटाच्या मागं पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता पूर्ण लिहिला, पिनकोडसकट. बाहेर लाल डब्यापाशी आले तेव्हा खिशात फोन वाजला. प्रेमराज. वाजत वाजत बंद झाला आणि पुन्हा वाजू लागला. एक रिक्षावाला त्यांच्याकडं बघत होता. नानांच्या आत एक आवाज जुन्या सवयीनं म्हणत होता: उद्या. उद्या नीट विचार करून. एवढी वर्षं गेली, एक दिवस काय. तो आवाज त्यांना चांगला ओळखीचा होता. कॉलेजात, घरात, यावलच्या गल्लीत तोच बोलत आला होता, आणि तो कधी कोणाशी एकनिष्ठ राहिला असेल तर फक्त स्वतःशी. नानांनी पाकीट डब्याच्या तोंडात सरकवलं. एक क्षण बोटांनी कड धरून ठेवली. मग सोडली. आत तळाशी पत्र पडल्याचा आवाज झाला. डबा जवळजवळ रिकामा असावा.

फोन अजून वाजतच होता. त्यांनी तो कानाला लावला.

“नाना, ऐका जरा, ते पत्र तुम्ही अजून—”

“टाकलं,” नाना म्हणाले.